बेट आडवं आलं

आमच्या यांना एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. रांग असो, लिफ्ट असो, डॉक्टरांचं टेबल असो, वजन या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर, असं अखंड चाललेलं असतं. माणूस उभा आहे की निघालाय, हेच समोरच्याला कळत नाही. 'सरळ उभे राहा' हे वाक्य मी संसारात जितक्या वेळा म्हटलं असेल, तितक्या वेळा 'जेवायला चला' हेसुद्धा म्हटलं नसेल.

त्या सकाळी दलदलीच्या तिकीटखिडकीपुढेही मी तेच म्हटलं.

"अहो, सरळ उभे राहा. मागची माणसं बघतायत."

"हो," हे म्हणाले. थांबले, आणि दोन श्वासांत पुन्हा सुरू झाले.

मी मोठ्या इस्पितळाच्या कपड्यांच्या भांडारात नोकरी केली. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. वीज गेली तरी हात घातला की लहान मुलांच्या वॉर्डाची चादर हाताला लागली पाहिजे, अशी माझी शिस्त. आणि नसलेली वस्तू 'आहे' असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, मग समोर कितीही मोठे डॉक्टर का असेनात. अशा बाईच्या पदरी नवरा पडला तो चालत्या बेटांचा.

लग्नाआधी हे याच दलदलीत लव्हाळं कापायला जायचे. तरुण पोरं आठवडेच्या आठवडे आत राहायची, लव्हाळ्याचे भारे बांधायची आणि होडीनं काठाला पाठवायची. आत खूप मोठं पाणी आहे, तिथली बेटं तळाला टेकलेलीच नाहीत, मुळांत मुळं गुंतून झालेली आहेत, वारा लागला की झाडाझुडपांसकट चालू लागतात, असं हे सांगायचे. सांगायला माझी हरकत नव्हती. पण या बेटांनी माझं लग्नच अडवलं होतं.

नोंदणी कार्यालयात आमची तारीख ठरली होती. ठेवणीतले कपडे घालून मी तिथल्या बाकावर कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसले, आणि हे आलेच नाहीत. कारकून जाताना पंखा बंद करून गेला, तो आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले हे दारात उभे. म्हणाले, "रात्री बेटावर झोपलो, आणि बेट निघून गेलं. सकाळी पलीकडच्या टोकाला होतो. होडी इकडेच राहिली."

माझ्या वडिलांनी यांना पाय धुवायला पाणी दिलं. मावशी मात्र मला आत घेऊन म्हणाली, "पळाला होता गं. एकट्यानं जायचा धीर झाला नाही, म्हणून परत आला."

त्याच दिवशी आम्ही लग्न केलं. सही करताना कारकुनानं यांना बसायला सांगितलं, तरी हे उभेच. मी खाली पाहिलं, तर टेबलाखाली यांचे पाय चाललेले. या पायावरून त्या पायावर. तेव्हा माझ्या मनात आलं, या माणसाला अजून दार दिसतंय.

हे मी कुणाला सांगितलं नाही. संसार चांगला झाला. यांनी दुधाची गाडी चालवली, कधी आवाज चढवला नाही, माझ्या कामाच्या पाळ्या सांभाळून लेकीच्या वेण्या घातल्या. पण तो विचार टाचेत मोडलेल्या काट्यासारखा राहिला. एरवी काही नाही, एखाद्या वेळी पाऊल तिरकं पडलं की कळ.

बेटाची गोष्ट हे सगळ्यांना सांगायचे. शेजाऱ्यांना, डेअरीतल्या माणसांना, लेकीला, मग नातीला. प्रत्येक वेळी बेट थोडं मोठं व्हायचं. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "आज बेटावर दुकान नव्हतं का हो?" सगळे हसायचे आणि हेही हसायचे. मग एका रविवारी जेवताना नातीनं विचारलं, "आजोबा, बेट खरंच चालतं?" हे तोंड उघडणार, तेवढ्यात जावई म्हणाले, "बाबा, गवताचा पुंजका तरंगतो इथपर्यंत ठीक आहे. पण माणूस झोपलेला असताना अख्खं बेट पलीकडे जातं, हे जरा जास्तच होतं. ही शाळेत जाऊन सांगते आणि पोरं तिला हसतात."

जावई वाईट नाहीत. आपल्या पोरीची काळजी होती त्यांना. पण यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्या दिवसापासून गोष्ट बंद. बेटाचीच नाही, सगळ्याच गोष्टी बंद. घर इतकं शांत झालं की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

शेवटी मीच म्हणाले, "एकदा जाऊन बघू या का ती तुमची दलदल?"

"खरंच?" हे म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी पिशवी भरायला घेतली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण तिकडे जायचं ठरलं आणि माझी पाचावर धारण बसली. आत तसं पाणी नसलं तर? असलं, पण बेटं बोटभर जागची हलत नसली तर? मग यांची गोष्ट कायमची मेली, आणि मावशी खरी ठरली. इतकी वर्षं मी यांना थापाडे म्हणत आले ते बिनघोर, कारण खरं-खोटं करायला कुणी जाणारच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती उघडायला मीच पाव-लोणी डब्यात घालून निघाले होते.

म्हणून तिकीटखिडकीवरचा फलक मी नीट वाचला. फेऱ्या तीन होत्या. छोटी फेरी काठाकाठानं, छताची होडी, जाताना चहा. मोठी लाँच, कर्ण्यावरून माहिती, पाण्यातल्या मनोऱ्यापर्यंत. आणि आतली फेरी, लहान होडी, सोबत गाईड, थेट आतल्या पाण्यापर्यंत. मी मनात कधीच ठरवलं होतं. छोटी फेरी. चहा प्यायचा, बगळे बघायचे, परत यायचं. नाचक्की कुणाचीच नाही.

"तुम्हाला कुठली?" मी यांना उगीच विचारलं.

यांची नजर फलकावरच्या शेवटच्या ओळीवर होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हणशील ती."

त्यांनी हट्ट धरला असता तर बरं झालं असतं. निदान मला भांडता आलं असतं.

खिडकीतला माणूस डबा उघडून काहीतरी खात होता. मी म्हणाले, "छोट्या फेरीची दोन."

"छोटी बंद आहे आज."

"का?"

"वाट बंद आहे. बेट आडवं आलंय." तो पुन्हा डब्याकडे वळला. पावसात नळाला गढूळ पाणी आलंय, असं सांगावं तितक्या थंडपणे त्यानं हे सांगितलं.

मी म्हणाले, "काय आलंय?"

"बेट हो. रात्री वारा होता ना. मोठ्या लाँचचीही तीच वाट, ती पण अडकली. पोरं बांबू लावून ढकलतायत, पण आज काही निघत नाही ते. आतली फेरी मागच्या धक्क्यावरून जाते, ती चालू आहे. देऊ?"

मी मागे वळून पाहिलं नाही. मागे काय चाललंय ते मला न बघता कळत होतं. कुणी न सांगता पहिल्यांदाच यांचे पाय थांबले होते.

"द्या," मी म्हणाले.

मागच्या धक्क्यावर गाईडबाई होती. चाळिशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की तिला कर्ण्याची गरज नव्हती. आम्ही पोचताच तिनं आमच्या पिशव्या काढून घेतल्या, कुठली कुठं ठेवायची ते ठरवलं आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही इथं. काका तिथं. हलायचं नाही." मला असं सांगणारी बाई बऱ्याच वर्षांत भेटली नव्हती. मी बसले.

वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना लव्हाळं डोक्याच्या वर गेलेलं. त्याचे तुरे होडीवर वाकायचे, तोंडाला लागायचे. पाणी काळं, पण घाणेरडं नाही. ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं स्वच्छ. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात कुठलं तरी फूल होतं, ते काही शेवटपर्यंत दिसलं नाही. मी बोलत होते. ऊन लागतंय, पाणी प्या, डबा उलटा ठेवू नका. मला भीती वाटली की मी फार बोलते. हे वाकलेले तुरे हातानं बाजूला सारत होते.

मग लव्हाळं संपलं आणि माझं बोलणंही संपलं.

हे आतलं पाणी. याला दुसरा काठ नव्हता. होता म्हणे, पण मला दिसला नाही. सगळं आभाळ खाली उतरून त्या पाण्यावर निजलं होतं, ढग वर होते तसेच खाली होते, आणि आमची होडी दोन्हींच्या मधोमध. मी समुद्र पाहिला आहे. समुद्र सारखा काहीतरी म्हणत असतो. हे पाणी काहीच म्हणत नव्हतं. दूर कुठंतरी एक पक्षी उठला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग पाण्याची एक अख्खी बाजूच उठली. मला वाटलं होतं ते पांढरं म्हणजे ऊन आहे. ते ऊन नव्हतं, पाखरं होती. त्यांच्या पंखांचा वारा आमच्या तोंडावर आला आणि गाईडबाईनंसुद्धा इंजिन बंद केलं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं यांच्या लक्षात नव्हतं. जे यांनी मला इतकी वर्षं सांगितलं होतं, ते या पाण्यापुढे किती थोडं होतं. आम्ही म्हणत होतो हे वाढवून सांगतात. यांनी कमी करून सांगितलं होतं.

बेटं सगळीकडे होती. काही चटईएवढी, काही आमच्या चाळीएवढी, त्यांवर झुडपं, एका बेटावर तर चांगली उंच झाडं. पण ती सगळी होती तिथंच होती. मी डोळे ताणून पाहिलं. एकही हलत नव्हतं. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

गाईडबाईनं एका मोठ्या बेटाच्या झुडपाला दोर बांधला. म्हणाली, "इथं थांबू. काय आणलंय ते खाऊन घ्या."

आम्ही पाव-लोणी खाल्लं. झुडपाच्या बुंध्याशी एक पाणकोंबडी घरट्यात अंडी उबवत बसली होती. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्ही तिच्या कामाचे नाही असं ठरवलं. सवयीनं मी जागा हेरून ठेवली. पाण्यात रोवलेला एक लाल खांब होता आणि त्याच्या अगदी मागे, दूर, एक वाळलेलं पांढरं झाड. खांब, त्यामागे झाड. एका रेषेत.

डबा बंद करून मी वर पाहिलं, तर झाड खांबाच्या डावीकडे होतं.

होडी सरकली असेल म्हणून मी दोर पाहिला. दोर ताणलेला, गाठ तिथंच. मी पुन्हा पाहिलं. झाड आणखी डावीकडे. आवाज नाही, धक्का नाही, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. पाणकोंबडी अंड्यांवर बसलेली, झुडूप तिच्यावर वाकलेलं, झुडपाला आम्ही बांधलेले, आणि आम्ही सगळे मिळून चाललो होतो. घरटं जागच्या जागी होतं. जागाच निघाली होती. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

"किती लांब जातं हे?" मी विचारलं.

"वाऱ्यावर आहे," गाईडबाई म्हणाली. "चांगला लागला तर एका रात्रीत या टोकाचं त्या टोकाला. माझा दीर असाच गेला होता. दमून बेटावर झोपला तो सकाळी पलीकडे. जाऊबाईंनी आठवडाभर दार उघडलं नाही. कुठं गेला होतास सांग म्हणे, बेटाच्या थापा मला मारू नकोस."

"मग?"

"मग काय, शेवटी तिलाच आणलं आणि बेटावर झोपवलं."

ती हसली. मला हसू येईना. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील. बघायचा यांना हक्क होता. पण यांनी पाहिलं नाही, हे त्या पाणकोंबडीकडेच बघत राहिले. माझी लाज राखली.

"उतरायचंय?" गाईडबाईनं विचारलं. "दहा पावलं, जास्त नाही. पण एक ऐका. दोन्ही पाय रोवून उभं राहायचं नाही. या पायावरून त्या पायावर, या पायावरून त्या पायावर, सारखं. थांबलात की बुडालात."

हे आधी उतरले आणि मला हात दिला. मी पाऊल ठेवलं तर जमीन खाली गेली आणि पुन्हा वर आली, झोपलेल्या जनावराच्या पोटावर पाय पडावा तशी. पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं. मी घाबरून ताठ उभी राहिले, म्हणजे नको तेच केलं, आणि डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला. यांनी मला कोपराला धरून सहज वर काढलं.

"घट्ट उभी राहू नकोस," हे म्हणाले. "सैल सोड. बघ, अशी."

मी यांच्या पायांकडे पाहिलं.

या पायावरून त्या पायावर. गुडघे किंचित मोडलेले, टाच आधी, मग चवडा, घाई नाही. बेट खाली जायचं तेव्हा हे हलके व्हायचे. रांगेतलं तेच डुलणं, लिफ्टसमोरचं तेच, डॉक्टरांच्या टेबलापाशी मला चारचौघांत लाज आणणारं तेच. इथं मात्र ते इतकं बरोबर होतं की मी बघतच राहिले.

गाईडबाईही बघत होती. "काका," ती म्हणाली, "तुम्ही इथं राहिलाय."

"लव्हाळं कापायला यायचो."

"ते पायच सांगतात. आमच्याकडची म्हातारी माणसं घरातसुद्धा अशीच उभी राहतात. जमिनीवरून एकदा विश्वास उडाला की परत बसत नाही."

मला ते टेबल दिसलं. कारकून, दौत, मी. आणि टेबलाखाली चाललेले ते दोन पाय, चिखल धुऊन नुकतेच बुटांत घातलेले.

"अहो," मी म्हणाले, "सही करताना तुम्ही का बसला नाहीत? पाय का हलवत होता?"

कुठली सही, असं यांनी विचारलं नाही. जरा आठवून म्हणाले, "अगं, महिनाभर बेटावर होतो. त्यात आदला अख्खा दिवस तुझ्याकडे यायचं म्हणून पलीकडून लव्हाळं तुडवत आलो. पाय थांबवायचे असतात हेच विसरलो होतो. आणि खरं सांगू? त्या खोलीत मला सारखं वाटत होतं, आता थांबलो तर बुडेन आणि तुझं लग्न पुन्हा राहील."

त्या दारापर्यंत पोचायला हा माणूस दिवसभर चालला होता, आणि मला वाटत होतं त्याला त्या दारातून बाहेर जायचंय. मी यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो, या पायावरून त्या पायावर, आणि आमच्याखाली बेट हळूहळू दक्षिणेकडे चाललं होतं.

परत येईपर्यंत ऊन कललं होतं. धक्क्यावरून गाईडबाईसोबत तिकीटखिडकीपाशी आल्यावर मी लेकीला फोन लावला. फोन नातीनंच उचलला.

"आजी, बेट चालतं?"

"आजोबांना विचार," मी म्हणाले आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून यांच्या हातात दिला.

हे घसा खाकरून गप्प राहिले. मला वाटलं, आता नाहीच बोलत. मग म्हणाले, "तर काय झालं." बस, एवढं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. पाणी आलं, पाखरं आली, पाणकोंबडी आली. आणि मग, जरा थांबून, त्याच बेटावर ऊन खात पडलेली एक मगर आली.

तिकडून जावयांचा आवाज आला, "बाबा, मगर?" नात ओरडली, "आजी! मगर होती?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. पाय पुन्हा चालू झाले होते. खिडकीतला माणूस, गाईडबाई, रांगेतले दोघेतिघे, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"होती," मी म्हणाले. "चांगली मोठी होती."